भावाशी गोड झाल्यावाचून

पप्पांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये, अगदी आतल्या घडीत, गुलाल होता.

सुवार्तेने सदरा खिडकीशी नेला, घडी उलटी केली, नखाने खरवडून बोट नाकाशी धरलं. गुलालच. पप्पांना जाऊन महिना झाला होता, संध्याकाळी घरी स्मरण-उपासना होती आणि त्याआधी त्यांचे कपडे वाटून टाकायचे म्हणून ती सकाळपासून कपाट उपसत बसली होती. उपसायला घेतलेलं कपाट आणि खोदायला घेतलेली विहीर, काय लागेल ते सांगता येत नाही. तिला गुलाल लागला.

नाव सुवार्ता ठेवलं होतं पप्पांनीच, मोठ्या हौसेने. पण या घरात तिने आजवर ज्या वार्ता आणल्या त्या बहुतेक कुणाच्या तरी उरावर बसल्या. बाई वाईट नव्हती. खोटं बोलत नव्हती आणि दुसऱ्याला बोलू देत नव्हती, एवढंच. शाळेतून निवृत्त झाली, पण तपासायची सवय काही निवृत्त झाली नाही. चर्चच्या मंडळीत महिला संघाची चिटणीस होती. कुणाची मुलगी कुणाबरोबर भाट्याच्या पुळणीवर दिसली इथपासून पाळकसाहेबांच्या प्रवचनात काय राहिलं इथपर्यंत तिचं सगळीकडे लक्ष. फक्त पप्पा तिला कधी नीट तपासता आले नव्हते, आणि आता ते हाताबाहेर गेले होते.

दर शिमग्याला एक दिवस पप्पा सकाळच्या एस्टीने कुठेतरी जायचे. "जरा जाऊन येतो," एवढंच. संध्याकाळी परत यायचे ते थेट न्हाणीघरात. आईने कधी विचारलं नाही. सुवार्तेने विचारलं, तर ते नुसते हसायचे. आता या गुलालाने उत्तर दिलं होतं. शिमगा, पालखी, गुलाल. यात न कळण्यासारखं काय होतं? शंकेची पाल तिच्या मनात बरीच वर्षं चुकचुकत होती, ती आज भिंतीवरून पटकन खाली उतरली.

शांतवन हे पप्पांचं बाप्तिस्म्यानंतरचं नाव. जन्माचे ते वाघवलीचे हरिश्चंद्र. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले, तिथेच विश्वासात आले, तिथल्याच नर्सबाईंच्या मुलीशी, मार्थाशी, लग्न केलं आणि गाव सुटलं. सुटलं असं सगळे समजून होते.

बरं, एवढ्याशा गुलालाने काय बिघडणार होतं, असं कुणी म्हणेल. पण बिघडण्यासारखी एक गोष्ट त्याच दिवशी ठरायची होती. दगड घडवणारा रघू ओळीसाठी खोळंबला होता. त्यांच्या मंडळीत जुनी रीत अशी की जो माणूस प्रभुभोजन घेत घेत गेला, त्याच्या कबरीवर 'प्रभूमध्ये निजला' असं कोरायचं. इतरांच्या दगडावर नुसतं नाव आणि तारखा. आणि पप्पांनी कित्येक वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नव्हतं. त्या रविवारी ते मागच्या बाकावर जाऊन बसत. भाकरीचं ताट समोर आलं की मान खाली घालून ते शेजाऱ्याकडे सरकवत, मग प्यालाही. एकदा सुवार्तेने अडवून विचारलं होतं, "का पप्पा?"

"अजून माझं जमलेलं नाही गो," म्हणाले होते.

काय जमलेलं नाही? येशूशी? की जुना देव सुटत नव्हता? तेव्हापासून ती पाल.

सदरा हातात घेऊन ती माजघरात आली तर स्वयंपाकघरातून वेदिकेचा दबलेला आवाज आला. वेदिका म्हणजे विनीतची बायको, तिची भावजय. पूर्णगडची, लग्नासाठी बाप्तिस्मा घेतलेली. तो बाप्तिस्मा कितपत मुरला याविषयी सुवार्तेला पहिल्या दिवसापासून शंका होती.

"तुम्ही या हो," वेदिका फोनवर म्हणत होती. "नारळ आणायचाय तर आणा. ताईंना मी सांभाळते. नाही नाही, आज यायलाच हवं."

सुवार्ता दारात उभी राहिली. वेदिकेने मागे वळून पाहिलं आणि फोन पदराआड गेला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा उगाच भांडं हलवतो तसं तिने चुलीवरचं भांडं हलवलं.

"कुणाला बोलावतेस?"

"कुणाला नाही ताई. म्हणजे, सांगते नंतर."

"नंतर कशाला? नारळ कशाला लागतो ते आत्ताच सांग. आणि हा सदरा बघ. हा तूच धूत होतीस ना दरवर्षी?"

वेदिकेने सदऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यात नवल नव्हतं. ते सुवार्तेला जास्त लागलं. सुनेला ठाऊक होतं आणि लेकीला नाही.

आवाज ऐकून विनीत पडवीतून आत आला. जयगडच्या बंदरावर क्रेन चालवायचा, आज रजेवर होता, खुर्च्या पुसत होता. "काय झालं आता?"

"पप्पा पालखीला जात होते, हे झालं. आणि तुझ्या बायकोला माहीत होतं. संध्याकाळी पाळकसाहेबांसमोर इथे नारळबिरळ फोडायचा बेत दिसतोय."

"ताई, अगं पण..."

"मी आत्ताच रघूला फोन करून सांगते, नुसतं नाव आणि तारखा. दगडावर खोटं कोरायचं नाही."

विनीत सहसा बहिणीपुढे बोलत नसे. आज हातातलं फडकं त्याने खुर्चीवर आपटलं. "पप्पांनी कुणाचं काय वाईट केलं सांग. अर्धा मिरकरवाडा त्यांच्या हातच्या इंजेक्शनावर वाढला. हिंदू असो, दालदी मुसलमान असो, कुणी बोलावलं की पेटी घेऊन निघाले. त्यांना वर जागा नाही म्हणतेस?"

"चांगलं वागून कुणी वर जात नाही, विनीत. रविवारच्या शाळेत शिकलास ना हे? माणसाचा चांगुलपणा तिथे चालत नाही. तारण होतं ते कृपेने, आणि कृपा घ्यायला विश्वास लागतो. चांगली माणसं काय, वाघवलीतही आहेत."

"आणि पूर्णगडात?" वेदिका म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण ती पहिल्यांदाच मध्ये बोलली होती.

"माझे बाबा दुसऱ्याच्या पोराला पाण्यातून काढताना गेले, ताई. पोर जगलं. बाबांनी येशूचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं. ते कुठे आहेत ते सांगा मला. एवढी वर्षं विचारीन म्हणत होते."

सुवार्तेकडे याचं उत्तर होतं. शिकवलेलं, पाठ केलेलं. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. "ते देवाला माहीत," ती शेवटी म्हणाली.

"मग पप्पांचंही त्यालाच माहीत असू दे की."

तेवढ्यात आतून आईची हाक आली.

मार्थाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. महिन्यात त्या निम्म्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते काही नाही, वय आहे, पण त्या जेवत नव्हत्या हे खरं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्या घराच्या भिंती कसलं काय अडवणार!

"दार लाव," त्या म्हणाल्या. सुवार्तेने लावलं. "माझं ऐक. तू लबाड बोलत नाहीस म्हणून तुलाच विचारते. पाळकसाहेब मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतील. ते भेटतील ना गो मला तिथे?"

सुवार्ता खाटेच्या कडेला बसली. आईचा हात तिच्या हातात होता, हलका, सालीसारखा. एक 'हो' म्हणायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागतो?

"मला माहीत नाही आई," ती म्हणाली.

मार्थाबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. हात तेवढा काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुवार्ता बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला होता. खरं बोलण्याची किंमत बोलणाऱ्याने मोजावी असं म्हणतात. इथे ती भलत्याच माणसाने मोजली होती.

दुपारी दाराशी रिक्षा थांबली. वेदिका सगळ्यांच्या आधी धावली. रिक्षातून एक वाळका म्हातारा उतरला, धोतर, वर इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. पायरी त्याने पायाने चाचपून घेतली, पडवीत आला आणि दोन्ही हात जोडून खुंटीवर टांगलेल्या विनीतच्या जॅकेटला नमस्कार केला.

"काका, इकडे," वेदिकेने त्यांना दंडाला धरून वळवलं. "डोळ्यांत मोती आहे त्यांच्या. दिसत नाही फारसं. ताई, हे भिकाजीकाका. पप्पांचे धाकटे भाऊ."

सुवार्तेने त्यांना लहानपणी एकदाच पाहिलं होतं. आज बाकी कशाआधी तिची नजर गेली ती पिशवीवर. नारळ होता, आणि पंचात बांधलेले तांदूळ.

"काका, रागावू नका," ती म्हणाली, "पण हे नारळतांदूळ आमच्यात चालत नाहीत. इथे संध्याकाळी उपासना आहे. तुम्हाला कुणी काय सांगून बोलावलंय ते मला माहीत नाही, पण..."

"नारळ तो, बाय. झाडाचा हाय. तांदूळ शेतातले," भिकाजीकाका गोंधळून म्हणाले. "भावाच्या घरी पयल्यांदा येतंय मी. रिकाम्या हातान कसा येव?"

वेदिका भिंतीकडे बघायला लागली. विनीतने पिशवी घेतली आणि निमूट आत नेऊन ठेवली. संध्याकाळच्या चटणीची सोय झाली, याहून जास्त त्या नारळात काही नव्हतं. पण सुवार्ता हटणारी नव्हती. एक फासा चुकला म्हणून डाव सोडणाऱ्यातली ती नव्हेच.

"मग मला एक सांगा. पप्पा शिमग्याला तुमच्याकडे यायचे?"

"येयाचा. दरसाल."

"पालखीला नमस्कार करायचे?"

म्हातारा हसला. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरलं. "दादा? तो मान वाकवील? पालकी घरासमोर खळ्यात आली का आख्खी वाडी वाकायची, आनि हा मदी खांबासारका हुबा. गुरव चिडायचा. मी पन चिडायचू."

"मग हा गुलाल?"

"अगो, गुलाल काय धरम इचारून उडतो काय?"

विनीतला हसू आवरलं नाही. सुवार्तेला आलं नाही. "मग यायचे कशाला?"

 वेदिकेने पुढे केलेलं पाणी काका प्यायले, तांब्या चाचपून खाली ठेवला. आतल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि मार्थाबाई भिंत धरून उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

"आमची आय मेली तवा," काका म्हणाले, "दादा थोरला. अग्नी त्यानं देयाची. तर म्हनालान, आमच्यात नाय. बरं बाबा, मी दिली. धाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवलू. कावळा झाडावर, पन शिवेना. आमच्यात कसा, मेल्याची इच्छा राह्यली तर कावळा शिवत नाय. मंग एकेक जन हात जोडून बोलतो, बाय, तुझ्या नातवांना मी बघीन, तुझ्या गायीला मी बघीन. मी बोललू, भयनी बोलल्या. नाय म्हंजे नाय. सगळी दादाला सांगतत, आयचा जीव तुझ्यात अडाकलाय, तू बोल. एक शबूद बोल, भिकाला अंतर देनार नाय. हा आपला गप. बोललान काय, तर म्हने मेलेल्या मान्साशी बोलायचं नाय, ती देवाच्या हातात गेली. शेवटाला दर्भाचा कावळा केलू आनि शिवयलू. माझी आय उपाशी गेली असा मी धरून बसलू. दादाला सांगतलू, माझ्या दारात पाय ठेवू नको."

"तरी यायचे?" विनीतने विचारलं.

"पालकी खळ्यात असली का दारातल्या मान्साला हाकलायचं नाय, अशी आमच्याकडं रीत. ती त्याला ठाव. म्हनून त्याच दिवशी येयाचा. बाजूला हुबा ऱ्हायाचा, आनि पालकी उठायच्या येळेला जवळ येवन इचारायचा, 'भिका, आपलं गोड झालं काय रे?' मी गप. तो परत एस्टीला."

सुवार्ता पुढे सरकली. "पण इतकी वर्षं? एवढं काय अडलं होतं त्यांचं?"

"मी पन इचारला येकदा. तर बोललान, आमच्या पाळकान देवळात सांगतलान, जो भावाशी वैर धरून हाय त्यानं भाकरीला हात लावू नये. भावाशी गोड झाल्यावाचून मला ती भाकर घेता येत नाय भिका, असा बोललान."

 उंबऱ्यातून मार्थाबाई म्हणाल्या, "अरे देवा! ते मनोहरभाऊंवरून होतं."

सुवार्तेलाही आठवलं. मंडळीच्या दानपेटीवरून पप्पांचा आणि चिटणीस मनोहरभाऊंचा कडाक्याचा वाद झाला होता. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून ते वाक्य म्हटलं होतं ते त्या दोघांसाठी. त्यांच्या मंडळीत सगळेच एकमेकांना भाऊ. मनोहरभाऊ, शांतवनभाऊ, पाळक स्वतः सुद्धा भाऊ. मंडळीत जन्मलेल्या कुणालाही त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचला नसता. मनोहरभाऊंशी तर पप्पांनी दुसऱ्याच दिवशी चहा घेऊन मिटवलं होतं. आणि तरी ते मागच्या बाकावर जाऊन बसले, कारण ते मंडळीत जन्मले नव्हते. वाघवलीत जन्मले होते. त्यांना भाऊ म्हटल्यावर भाऊच आठवला.

विश्वास कमी पडला म्हणून नव्हे. ताटातली भाकर त्यांनी इतकी खरी मानली की अर्ध्या मनाने तिला हात लावला नाही. पालखीला वाकले नाहीत, आईच्या पिंडापुढे बोलले नाहीत आणि त्याची भरपाई म्हणून आयुष्यभर उपाशी बसले. सुवार्ता ज्यांना ढिले समजत होती ते तिच्याहून कडक निघाले. काखेत कळसा होता आणि ती गावाला वळसा घालून आली होती.

"मला का नाही सांगितलं?" ती वेदिकेला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ते नको म्हणाले होते." वेदिका खाली बघून बोलली. "भावाकडे जातो एवढंच मला ठाऊक होतं, भाकरीचं नव्हतं. म्हणाले, सुवार्तेला कळलं तर ती मला पाळकांसमोर उभं करील."

हे ऐकताना सुवार्तेला जे वाटलं त्याला दुःख म्हणावं की लाज, ते तिचं तिला ठरवता आलं नाही. पण पप्पांचं म्हणणं खोटं होतं असंही तिला म्हणता येईना. सकाळी सदरा हातात घेऊन ती तेच करायला निघाली होती.

"यंदा काय झालं काका?" तिने हळू विचारलं. "यंदाही विचारलं असेल."

म्हाताऱ्याचा चेहरा कोसळला. "इचारलान. मला बोलायचं व्हतं गो. मनात सगळं साफ झालं व्हतं. पन वाडी बगत व्हती, पोरं ढोल बडवत व्हती. मी बोललू, पुढल्या वर्सी बगू." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. मग आवाजाच्या दिशेने मार्थाबाईंकडे मान वळवली. "वयनी, तुमच्यात मेलेल्याला सांगायचं कसं?"

सगळ्यांनी सुवार्तेकडे बघितलं. असल्या प्रश्नांची उत्तरं या घरात तीच द्यायची. उत्तर सोपं होतं. आमच्यात सांगता येत नाही. पप्पांनी नदीवर दिलेलं तेच उत्तर.

"विनीत, रिक्षा बोलाव," ती म्हणाली. "आई, तुलाही यायचंय? चल, धर मला."

रिक्षात ती मध्ये बसली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काका. वाटेत रघूचा फोन आला. "बाई, ओळीचं काय? नुसतं नाव आणि तारीख ना?"

"नाही. लिही. प्रभूमध्ये निजला."

"पण सकाळी तर तुम्ही..."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

मार्थाबाईंनी पदर तोंडाशी घेतला आणि त्या रडायला लागल्या. महिन्यात पहिल्यांदाच. सुवार्तेने त्यांना रडू दिलं.

दफनभूमीत उन्हं कलली होती. पप्पांची कबर अजून मातीचीच, कडेने जांभ्याचे दगड लावलेले. जवळच्या उंडीच्या झाडाची सावली तिच्यावर पडली होती. काकांना तिने पायथ्याशी नेऊन उभं केलं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"दादा," ते मोठ्याने म्हणाले, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, "गोड झालं. माझ्या मनात काय एक राह्यलं नाय. आयची आन."

मग ते दोन पावलं मागे सरले, मान वर केली आणि झाडाकडे बघत उभे राहिले. थांबले. सुवार्तेला कळायला क्षणभर लागला, मग कळलं. त्यांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. सांगून झाल्यावर वाट बघायची असते. इथे पिंड नव्हता, पान नव्हतं, आणि या धर्मात कावळ्याला काही काम नव्हतं. हे सांगायला हवं होतं. जन्मभर तिने सगळ्यांना सगळं सांगितलं होतं.

"बाय," काका म्हणाले. पांढरट डोळे फांद्यांमधून फिरत होते. "मला दिसत नाय. आला काय गो?"

सुवार्तेने झाड खालपासून वरपर्यंत पाहिलं. दगडी गडग्यावर पाहिलं, पलीकडच्या माडांवर पाहिलं. एक साळुंकी होती. कावळा कुठेच नव्हता.

"आला, काका," ती म्हणाली. "शिवला. आत्ताच."

भिकाजीकाका मटकन खाली बसले आणि कबरीच्या मातीवर त्यांनी हाताचा पंजा ठेवला. त्यांचे खांदे हलत होते.

मार्थाबाईंना मोतीबिंदू नव्हता. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"लबाड बोललीस," त्या कुजबुजल्या.

"हो आई."

मार्थाबाईंनी सकाळी काढून घेतलेला हात पुन्हा तिच्या हातात दिला.

"वर कोणी विचारलं तर," त्या म्हणाल्या, "माझं नाव सांग."